गावातल्या पोरींसाठी शाळेनंतरचा सायन्सचा वर्ग: सुरू कसा करायचा आणि टिकवायचा कसा

जिंतूर तालुक्यात, आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दिवसभर हेच चालतं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, लग्न होऊन या गावात आले, आणि सहा वर्षांपासून जिल्हा परिषद शाळेतल्या पाचवी ते आठवीच्या पोरींचा शाळा सुटल्यावर सायन्सचा वर्ग घेते. आता आजूबाजूच्या गावातून फोन यायलेत की आमच्याकडं पण सुरू करायचंय, सामान काय आणू, किती खर्च येतो. सामानाचं पुढं सांगतेच, पण सामान सगळ्यात सोपं काम आहे हो. अवघड आहे ते पोरीचा संध्याकाळचा दीड तास मोकळा करणं. तो सुटला नाही तर लाखाची लॅब आणून ठेवा, आठवड्याला उघडून झाडून परत कुलूप लावायचं, बस.

आधी पोरीच्या घरचं घड्याळ बघा

पहिल्या वर्षी मी सोमवार ते शुक्रवार साडेचार ते सहा असा वर्ग ठेवला. पहिल्या दिवशी २२ पोरी, तिसऱ्या आठवड्यात ७. मला वाटलं पोरींना आवडेना, म्हणून मी अजून भारी प्रयोग शोधत बसले. मग एक दिवस हापशावर सातवीतली एक पोरगी भेटली, डोक्यावर हंडा, कमरेवर घागर, ती म्हणाली, "ताई मला यायचंय हो, पण पाचला नळ येतो." एवढंच. पाचला नळ येतो आणि आई कापूस वेचायला गेलेली, मग पाणी कोण भरणार.

त्यानंतर मी एक वही घेतली आणि एकेका पोरीला विचारलं, शाळा सुटल्यापासून जेवेपर्यंत काय काय करतीस, वेळेसकट सांग. ती वही अजून माझ्याकडं आहे. अंगणवाडीतल्या भावाला सांभाळणं, शेळीला पाला, भांडी, आई सहाला रानातून यायच्या आत चूल पेटलेली पाहिजे, आजीचं औषध. हे सगळं दहा-बारा वर्षांच्या लेकरांचं. त्याच घरातला तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा भाऊ त्या वेळेला क्रिकेट खेळत असतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, आणि हे मी घरोघर बोलून पण दाखवते.

तुम्ही पण हेच करा, वर्गाची वेळ ठरवायच्या आधी १५-२० पोरींचं असं घड्याळ लिहून काढा. आमच्याकडं त्यातून पुढचं निघालं: आठवड्यातून दोनच दिवस, ते पण नळ नसतो त्या दिवशी, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास. लहान भाऊ-बहीण सोबत आणायची पूर्ण परवानगी. कोपऱ्यात एक सतरंजी, खडू, पाटी, आणि आळीपाळीनं एक मोठी पोरगी त्यांच्यापाशी. दिवाळीनंतर वर्ग साडेपाचच्या आत संपलाच पाहिजे, कारण नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडं पावणेसहा-सहाच्या दरम्यान दिवस मावळतो, आणि अंधारात घरी गेलेली पोरगी दुसऱ्या दिवशी येत नसती. एवढं बदललं आणि १७-१८ पोरी टिकल्या, सामान तेच, शिकवणारी मीच.

घरी जाऊन बोला, आणि खरं तेच बोला

घरी जायची वेळ साडेसातनंतरची, भाकरी झालेल्या असतात, आई जरा टेकलेली असते. आईशी बोला, आणि घरात आजी असेल तर आजीशी आधी. तुमची पोरगी कल्पना चावला होईल वगैरे सांगू नका, त्यानं त्यांना भीतीच वाटते की पोरगी हातची गेली. त्यांना पाहिजे असतं ते सांगा: वार कोणता, किती वाजता सुटणार, तिथं बाई माणूस कोण असणार, घरापर्यंत सोडायला कोण. आमच्याकडं एका गल्लीच्या पोरी एकत्र निघतात आणि शेवटच्या घरापर्यंत मी किंवा अंगणवाडीच्या ताई जातो. वर्गात कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक तरी बाई, यात सूट नाही.

वडील लोक पारावर भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मोबाइल लागतो का?" नाही लागत, असं ठासून सांगता आलं पाहिजे, आणि खरंच लागू देऊ नका. वर्गासाठी पोरीच्या हातात फोन द्या असं म्हणालात की निम्म्या घरांची दारं तिथंच बंद.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी पोरींचा ग्रुप फोटो माझ्या स्टेटसला टाकला, आनंदानं टाकला, सगळ्यांच्या हातात चमकणारे एलईडी होते. दुसऱ्या दिवशी दोन पोरी बंद. कुणीतरी काहीतरी बोललं, घरी भांडण झालं. मी दोन्ही घरी जाऊन माफी मागितली, एक पोरगी परत आली, दुसरी आली नाही, तिचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून फोटो फक्त हातांचे आणि वस्तूंचे, चेहऱ्याचा फोटो आईला विचारून, आणि तो पण तिलाच पाठवायचा.

संडासाला आतून कडी आहे का, आत पाणी आहे का, हे वर्ग सुरू करायच्या आधी स्वतः जाऊन बघा. कपाटात पॅडचं पाकीट ठेवा आणि ते कुठं आहे हे सगळ्या पोरींना पहिल्याच आठवड्यात सरळ सांगून टाका. सहावी-सातवीनंतर पोरी गळायला लागतात त्याचं हे एक कारण आहे आणि ते दोनशे रुपयात सुटतं.

शाळेच्या खोलीसाठी मुख्याध्यापकांना अर्ज आणि शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव, तोंडी परवानगीवर राहू नका, सर बदलून गेले की परवानगी पण त्यांच्याबरोबर जाते. पैशासाठी ग्रामपंचायतीला विचारा, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात, बऱ्याच ठिकाणी कशावर करावे हेच सुचत नाही. ग्रामसभेत पोरींनाच बोलायला लावा, आमच्या पोरींनी असंच दोन मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचं यंत्र, आणि एक कपाट मिळवलं.

पहिला दिवस: भाषण नको, बॅटरी उघडा

पहिल्या दिवशी विज्ञानाचं महत्त्व वगैरे काही सांगू नका. चार पोरींमागं एक जुनी बॅटरी द्या, म्हणजे टॉर्च, घरात बंद पडलेली एखादी असतेच, आणि एक पेचकस. उघडा, बघा, सगळे भाग फडक्यावर मांडा, परत जोडा. बस. माझा अनुभव असा की पाचवीतल्या २० पोरींपैकी पेचकस आधी कधी हातात घेतलेल्या दोन-तीनच निघतात. घरात मिक्सर बिघडला, मोटारीचं स्टार्टर बिघडलं तर पोराला हाक मारतात, "ये रे, बॅटरी धर." पोरगी चहा करून आणते. म्हणून पोराला त्यातलं काही येत नसलं तरी बघून बघून भीती गेलेली असते, आणि पोरगी वर्गात पहिली असली तरी वायर दिसली की हात मागं घेते. हा फरक अकलेचा नाही, सवयीचा आहे. सवय लावायला महिनाभर पुरतो.

दुसऱ्या तासाला एलईडी. सामान: पांढरे किंवा लाल एलईडी, दोन-तीन रुपयाला एक मिळतो, आणि ३ व्होल्टचा गोल चपटा सेल, वजनकाट्यात किंवा गाडीच्या रिमोटमध्ये असतो तो. एलईडीला दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. लांब पाय सेलच्या अधिक बाजूला, आखूड उणे बाजूला, सेल मध्ये चिमटीत धरायचा, लागला. उलटा धरला तर लागत नाही, आणि हे सांगायचं नाही, हे त्यांनाच सापडू द्यायचं.

मागच्या जूनमध्ये पाचवीतली एक पोरगी सेल आणि एलईडी दोन वेगळ्या हातात धरून बसलेली, जवळच आणेना. "ताई, शॉक बसंल की!" मी म्हणलं बसत नाही गं, तीनच व्होल्ट आहे, लाव. तिनं डोळे गच्च मिटले आणि लावला. लागलाच नाही, उलटा होता. तिनं एक डोळा उघडून बघितलं, मग दुसरा, मग माझ्याकडं. मी काहीच बोलले नाही. शेजारची म्हणाली, "फिरवून बघ." फिरवला आणि लागला. ती ओरडली नाही, हसली पण नाही, तिनं तो विझवला, परत लावला, परत विझवला, असं सात-आठ वेळा केलं आणि मग लहान भावापाशी जाऊन त्याला दाखवून आली. घरी जाताना तिनं विचारलं, "हा मी नेऊ का?" न्या म्हणायचं. पहिल्या प्रयोगाचं सामान पोरीच्या घरी गेलंच पाहिजे, रात्री ते अख्खं घर बघतं.

इथं शिकवणाऱ्यासाठी एक नियम आहे आणि तो मी स्वतःला लावून घेतलाय: हात मागं बांधायचे. पोरगी अडकली की आपला हात आपोआप पुढं जातो, दे इकडं मी दाखवते. ते करायचं नाही. प्रश्न विचारा, कुठं तुटलंय वाटतं, वायर हलवून बघितलीस का. वेळ जाईल, जाऊ द्या.

काही गोष्टी सांभाळा. दोन पेन्सिल सेल वापरणार असाल तर लाल एलईडी थेट लावू नका, ते चपट्या सेलपेक्षा जास्त करंट देतात, मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करणारा छोटा भाग, घाला, ९ व्होल्टच्या बॅटरीला ४७० ओहमचा, नाहीतर एलईडी जळतो. एखादा मुद्दाम जाळून दाखवला तरी चालेल, रेझिस्टर कशाला हे त्यानं जन्मभर लक्षात राहतं. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइटला वर्गात कुणीच हात लावायचा नाही, हे लाल खडूनं लिहून ठेवा. सोल्डरिंग, म्हणजे वायर डाग देऊन जोडायचं काम, आठवीपासून, २५ वॅटचं गन, खिडक्या उघड्या, वेणी मागं बांधलेली, ओढणी काढून खुंटीला नाहीतर कमरेला घट्ट. ओढणीचं विसरू नका, आमच्याकडं एकदा टोक जळालं, पोरीला काही झालं नाही पण घरी समजवायला दोन चकरा माराव्या लागल्या.

पोरं म्हणतील आम्हाला का नाही. माझं मत असं आहे, पहिले तीन-चार महिने फक्त पोरी. मिसळून वर्ग घेतला की पेचकस पोराकडं आणि वही पोरीकडं, अक्षर छान आहे म्हणून, हे मी डोळ्यानं बघितलंय. पोरींचा हात बसला की मग पोरांना घ्या, आमच्याकडं आता शनिवारी पोरं पण येतात आणि त्यांना मल्टिमीटर पोरीच शिकवतात.

पत्र्यावर किती टँकर पडतात

आपल्याकडं सायन्सचा खरा धडा पाण्याचा. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आत्ताच्या पोरींना आठवत नाही, पण टँकर त्यांनी बघितलाय, हंडे घेऊन त्या पळाल्यात. म्हणून जूनमध्ये आम्ही पर्जन्यमापक बनवतो. कोल्ड्रिंकची सरळ अंगाची मोठी प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, झालं नरसाळं. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरायचं आणि तिथं शून्याची रेघ. वर पट्टीनं मिलिमीटरच्या खुणा. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, विटा लावून पक्की ठेवा. रोज सकाळी साडेआठला एक पोरगी वाचणार, वहीत लिहिणार, पाणी परत शून्याच्या रेघेवर आणणार.

एवढ्यानं भागत नाही, खरी मजा पुढच्या हिशोबात आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. हे पाठ करून घेऊ नका, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मिलिमीटर उंच, गुणाकार त्यांच्याकडूनच करून घ्या. मग टेप घेऊन शाळेचा पत्रा मोजा. आमचा निघाला साधारण १००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. एका रात्री २० मिमी पाऊस झाला तर १८६० लिटर. आणि पावसाळाभरात ७०० मिमी धरला तर ६५ हजार लिटर, त्यातलं गळती-बाष्पात जाऊन ८० टक्के हाती लागलं तरी ५२ हजार लिटर. गावात येणारा टँकर १० हजार लिटरचा. म्हणजे पाच टँकर आपल्याच डोक्यावरून वाहून नाल्यात जायलेत.

हे गणित सहावीच्या पोरींनी फळ्यावर केलं आणि खोलीत एकदम शांत झालं. मग एक म्हणाली, "आमच्या घरावर किती?" दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं आपल्या घराचा पत्रा मोजून आणलेला, दोरीनं, हातानं, एकीनं साडीच्या लांबीनं. ज्या पोरींच्या डोक्यावर हंडा असतो त्यांना या गणिताचं महत्त्व कुणी समजावून सांगावं लागत नाही. पुढं त्यांनी ग्रामसभेत तो आकडा सांगितला आणि शाळेच्या पत्र्याला पन्हाळ आणि टाकी बसली. तुमच्याकडं बसेल नाही बसेल माहीत नाही, पण आकडा पोरींच्या तोंडून गावाला ऐकू जाऊ द्या.

माती पण अशीच. काचेच्या बरणीत एक तृतीयांश शेतातली माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याचं पावडर, पाच मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात, पट्टे स्पष्ट दिसतात. काळ्या रानातली माती आणि माळावरची मुरमाड माती शेजारी ठेवली की सोयाबीन कुठं तग धरतं आणि कुठं आठ दिवसात माना टाकतं हे पोरी स्वतःच सांगतात. बाप लोकांना हा प्रयोग फार आवडतो, बरणी घरी नेऊ द्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू सोडू नका

आयांना वर्गात बोलवलं तर त्या येत नाहीत, लाजतात, वेळ नसतो. हळदीकुंकवाला येतात. म्हणून आम्ही संक्रांतीला शाळेतच हळदीकुंकू ठेवतो आणि तिळगुळाच्या शेजारी पोरींचं टेबल लावतो. प्रयोग हळदीचाच, वसमत-हिंगोलीची हळद आपल्याकडं घरोघर असते. पाण्यात हळद कालवून कागदाला लावा, वाळवा, पिवळा कागद तयार. त्यावर चुन्याच्या पाण्याचं बोट ओढलं की लालभडक. कपड्याच्या साबणानं लाल, खायच्या सोड्यानं तांबूस, लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीतलं रंगद्रव्य चुना-साबणासारख्या अल्कलीत लाल होतं आणि लिंबासारख्या आम्लात परत पिवळं, आणि जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना देऊनच बनवायचे. साडीवरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे प्रत्येक आईनं बघितलेलं असतं, तो का होतो हे तिची पोरगी सांगते. एक आई कागद हातात धरून बराच वेळ उभी होती आणि मग म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." पुढच्या आठवड्यापासून तिची धाकटी पण यायला लागली.

आणि बोलवताना सगळ्या बायांना बोलवा, नवरा असलेल्या, नसलेल्या, सगळ्यांना. आपल्या भागात किती घरात बाईच एकटी शेत आणि लेकरं ओढायली, तिला दाराबाहेर ठेवून पोरींना कसलं विज्ञान शिकवायचं.

कॉम्प्युटर, आणि औंढ्याची सहल

कॉम्प्युटरची खोली बऱ्याच शाळेत असते आणि बऱ्याच वेळा कुलूपबंद असते, खराब होतील म्हणून. चावी मागा. चालू दोन मशीन असले तरी पुरतात. स्क्रॅच नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनतो. पोरींना कार्टूनच करायला लावू नका, त्यांनी स्वतःच्या पावसाच्या वहीतले आकडे टाकून पत्र्यावर किती लिटर पडले हे काढणारा प्रोग्रॅम केला तर तो त्यांचा असतो. एका मशीनवर दोघी, माऊस दर दहा मिनिटाला बदलायचा, घड्याळ लावून. नाहीतर एकच शिकते आणि दुसरी बघते, पोरींमध्ये पण हेच होतं. लाइट गेली की कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, आपल्याकडं लाइट जाणारच, त्याचा तास आधीच ठरवून ठेवा.

मोठ्या शास्त्रज्ञांचे फोटो भिंतीवर लावून फार उपयोग होत नाही असं माझं मत झालंय. त्यापेक्षा तालुक्यातली जिवंत बाई आणा, महावितरणमधली तंत्रज्ञ, ग्रामीण रुग्णालयातली लॅब टेक्निशियन, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारी गावातलीच एखादी पोरगी. पोरी पगार विचारतात, घरचे काय म्हणाले विचारतात, रात्री ड्युटीवरून कशी येता विचारतात, विचारू द्या. हां, आठवीच्या पोरींना मी कमला सोहोनींची गोष्ट मात्र सांगते. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या अडून बसल्या, अटी घालून घेतलं तरी शिकल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली. नोबेल मिळालेला माणूस सुद्धा पोरीच्या बाबतीत चुकू शकतो, हे आठवीतल्या पोरीला कळलेलं बरं, तिला पुढं बरेच नाही म्हणणारे भेटणार असतात.

आणि आपलं नशीब बघा, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया नावाची वेधशाळा होणार आहे. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब दोन नळ्या, आत निर्वात पोकळी, त्यातून लेसर सोडायचा आणि लांब अंतराळात दोन कृष्णविवरं धडकल्यावर जी लाट येते ती पकडायची. त्या लाटेनं नळीच्या लांबीत जो फरक पडतो तो अणूच्या आतल्या प्रोटॉनपेक्षा सुद्धा कितीतरी लहान. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला अशी पहिली लाट टिपली. आपल्याकडच्या प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २६०० कोटींची मंजुरी दिली. तिथं नुसते भौतिकशास्त्रज्ञ लागणार नाहीत, व्हॅक्यूमचं काम जाणणारे, वेल्डिंगवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, कॉम्प्युटरवाले लागणार आहेत. आपल्या भागातल्या पोरी नागनाथाच्या दर्शनाला दरवर्षी जातात, त्याच सहलीत त्यांना हे सांगा. आम्ही देवळाच्या बाहेर सावलीत बसून दोरी आणि दोन आरशांनी ते समजावलं. येताना गाडीत एकीनं विचारलं, "ताई, तिथं नोकरीला काय शिकावं लागतं?" त्या प्रश्नासाठी मी सहा वर्षं थांबले होते.

दिवाळीनंतर ज्या पोरी जातात

दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची कुटुंबं निघतात, बीडकडं तर जास्तच, आमच्याकडून पण जातात. पोरगी सोबत गेली की तिकडं फडावर लहान भावंडं तिच्याकडं, आणि मार्च-एप्रिलला परत येते तेव्हा शाळेचं वर्ष गेलेलं. निघायच्या आधीच घरी जा. आजी-आजोबा मागं राहणार असतील तर पोरीला त्यांच्यापाशी ठेवायला सांगा, आणि शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर होतं का ते मुख्याध्यापकांना विचारा, त्यासाठी मागणी वेळेत जावी लागते, म्हणून सप्टेंबरातच. तरी गेलीच तर तिला पिशवी द्या: पर्जन्यमापकाची पट्टी, दोन एलईडी, सेल, वही, पेन. वहीत रोज सूर्य कुठं मावळला त्याची झाडाच्या खुणेनं नोंद, चंद्राचा आकार, उसाच्या गाडीचं वजन. परत आली की पहिला तास तिच्या वहीचा घ्या. मागच्या वर्षी एकीनं चार महिन्यांचे चंद्र काढून आणले होते, दोन पौर्णिमेत किती दिवस जातात हे तिनं पुस्तक न बघता सांगितलं.

लग्नाची कुजबुज कानावर आली तर गप्प बसू नका. आधी घरी जा, मामाला धरा, शाळेच्या बाईंना सोबत घ्या, बऱ्याच वेळा तिथंच थांबतं. नाही थांबलं तर १०९८ वर फोन करा, गावात ग्रामसेवकच, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना लेखी द्या.

आठवीपासून कागदाचं काम

हा भाग लोक सोडून देतात आणि पोरी इथंच थांबतात, हुशार असून. वर्गातली गोडी दहावीच्या पुढं न्यायची तर पैशाचं उत्तर घरासमोर ठेवावं लागतं.

आठवीत एनएमएमएस, ही केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. जिल्हा परिषद, अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के सूट, म्हणून सातवीतच लक्ष ठेवा. तिच्यातले बुद्धिमत्तेचे प्रश्न शनिवारच्या तासात सोडवून घ्या. सहावीपासूनच्या पोरींसाठी इन्स्पायर मानक ही केंद्राची योजना, शाळेनं पोरीची कल्पना ऑनलाइन पाठवायची, निवडली तर मॉडेलसाठी १० हजार पोरीच्या खात्यात येतात. कल्पना पोरीचीच पाठवा, गुगलवरची नाही, हंडा उचलताना मान दुखते यावर तिच्याकडं जी कल्पना असते ती कुठंच नसते.

दहावीनंतर डिप्लोमा, तीन वर्षांचा, आणि तिथून इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. लातूरला मुलींसाठी शासकीय निवासी तंत्रनिकेतन आहे, राहायची काळजी असलेल्या घरांना हे पहिलं सांगा. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ८ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, पण प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातला आणि खाजगी विद्यापीठातला चालत नाही. याशिवाय एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती, डिप्लोमा-डिग्रीच्या मुलींना वर्षाला ५० हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. आणि हायस्कूल लांब आहे म्हणून पोरगी बसवायचं म्हणणाऱ्या घराला एसटीचा पास सांगा, पाचवी ते बारावीच्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे.

मी सातवी संपलेल्या प्रत्येक पोरीची फाईल जूनमध्येच उघडते. आधार, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी. सगळ्यात आधी बघायचं ते नाव. आधारवर, शाळेच्या रजिस्टरवर आणि पासबुकवर तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे, वडिलांचं पण. आमच्या एका पोरीच्या नावात एका ठिकाणी ऱ्हस्व आणि एका ठिकाणी दीर्घ झालं, इंग्रजी स्पेलिंग बदललं, आणि पास होऊन पण तिचे वर्षाचे १२ हजार आठ महिने अडकून पडले. आणि खातं आधारला लिंक आहे का ते बँकेत जाऊन विचारा, पोरीला सोबत न्या, काउंटरवर तिलाच बोलू द्या.